दोन मजल्यांवरचं दुखणं

सहाव्या मजल्यावरच्या नर्सनं आईला हाताला धरून वजनाच्या काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला, "शाब्बास आजी, कालच्यापेक्षा कमी," म्हणून पुन्हा पलंगावर बसवलं, आणि सुपाचा डबा घेऊन आलेली मुलगी दाराशीच थबकली. खरं तर त्यात थबकण्यासारखं काही नव्हतं. आई इथं आल्यापासून रोज सकाळी हे होत असणार. ती कारखान्यात जायच्या घाईत असायची म्हणून तिच्या नजरेला पडलं नव्हतं, एवढंच. अंगात साठलेलं पाणी उतरतंय की नाही ते वजनावरून कळतं, असं नर्सनं तिला समजावून सांगितलं आणि तिनं मान डोलावली. पण मान डोलावता डोलावता तिच्या डोळ्यांपुढे तीन मजले खालचा एक पलंग आला. त्या पलंगावर सासूबाई होत्या. तेच दुखणं, हृदयाचा जोर कमी पडलेला, फुप्फुसांत तसंच पाणी, तशीच फुगलेली पावलं. आणि तिथं काटा नव्हता. म्हणजे असेल एखाद्या कोपऱ्यात, पण सासूबाईंना त्यावर उभं केल्याचं तिनं पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. का बरं?

हे 'का बरं' तिला लहानपणापासून चिकटलेलं. आई म्हणायची, ही पोरगी रडत नाही जन्मली, विचारत जन्मली. पुढे नोकरीही तशीच मिळाली. रंगाच्या कारखान्यात ती शेड जुळवायची. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं आणि हाच रंग हवा म्हणायचं, आणि ती दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरून, एकदा खिडकीपाशी आणि एकदा दिव्याखाली बघत बसायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर सरळ राहत नाही. कुठंही दोन वस्तू शेजारी आल्या की तिचे डोळे आपोआप या वस्तूवरून त्या वस्तूवर जायचे. आता दोन म्हाताऱ्या एकाच इस्पितळात एकाखाली एक निजल्या होत्या, आणि त्यातली एक तिची आई होती आणि दुसरी नवऱ्याची. ही तुलना करायची नव्हती, करू नये हेही कळत होतं. पण डोळे ऐकतात थोडेच.

आई आधी आली होती. जिना चढताना मधेच बसली ती बसलीच, ओठ निळसर, कपाळावर घाम, आणि तशातही "अगं, गॅस बंद केलास का?" रुग्णवाहिकेतून थेट वर, हृदयाच्या विभागात, तिथं नशिबानं पलंग रिकामा होता. चार-पाच दिवसांत सासूबाईंचं तेच. आडवं पडवेना, खिडकीशी खुर्ची ओढून बसून राहायच्या. नवरा त्यांना घेऊन आला तेव्हा वरचा विभाग भरलेला होता. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "जनरलला चालेल? उपचार तेच असतात," आणि नवऱ्यानं चालेल म्हटलं, सहीही केली. ती तेव्हा वर आईपाशी होती. त्या दिवसापासून नवरा-बायकोत एक वाक्य न बोललेलं राहिलं होतं, आणि दोघंही त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात वावरत होते. आज सकाळी चहा ओतताना अखेर ते सांडलं. "तुझी आई वर, माझी आई खाली," नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. वर-खालीचं त्याला जरा जास्तच लागायचं. "सही कुणी केली?" तिनं विचारलं. मग दोघांनीही चहा न पिता ठेवून दिला.

आता डबा आईच्या टेबलावर ठेवून ती जिन्यानं खाली उतरली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. मधल्या दोन मजल्यांवर हाडं होती आणि बाळंतिणी होत्या, आणि प्रत्येक वळणावर वास बदलत होता. प्लास्टरचा ओलसर वास, मग कोमट दुधाचा, मग फिनेल. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत नाना तऱ्हांची दुखणी एका रांगेत निजलेली होती. सासूबाईंच्या एका बाजूला साखर वाढलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला ताप उतरत नसलेल्या. तिनं नर्सला विचारलं, "यांचं वजन नाही का करत?" नर्सनं पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "आम्ही हे मोजतो. किती प्यायल्या, किती बाहेर पडलं. काटा आहे, पण यांना तोल जाऊन पडू द्यायचं नाहीये." सासूबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं, "माझं वजन कशाला करतेस गं सूनबाई? विकायला काढलंयस का?"

म्हणजे वर अंगात उरलं किती ते मोजत होते आणि खाली बाहेर गेलं किती ते. तिला गंमत वाटली. आणि त्या गमतीच्या तळाशी एक खडा टोचत राहिला, की दोन्ही का मोजत नाहीत?

मग ती बघतच सुटली. कारखान्यात रजा टाकली आणि दिवसभर वर-खाली करत राहिली. वरचे डॉक्टर तरुण, चालण्यात घाई, बोलण्यात आकडे. तिनं मनातल्या मनात त्यांचं नाव घाईवाले ठेवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी आईच्या छातीवर थंड जेल लावून हृदयाचा फोटो काढला होता. फोटो कसला, हलतं चित्रच. आईला पडद्यावर आपलं हृदय दिसलं होतं आणि तेव्हापासून येईल त्याला ती ते सांगत होती. "उघडमीट करतं गं, दमलेल्या माणसाच्या मुठीसारखं. पण करत राहतं बिचारं." घाईवाल्यांनी चार नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या, घरी सोडण्याआधीच सगळ्या सुरू व्हायला हव्यात असा त्यांचा आग्रह होता, आणि घरी गेल्यावर कुणाला, कधी दाखवायचं तेही आधीच ठरलेलं होतं. पण ते पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बोलायचे. आईच्या गुडघ्यांकडे, बहिऱ्या कानाकडे, घरातल्या जिन्याकडे त्यांचं लक्ष गेलेलं तिला दिसलं नाही. गेलं नाही म्हणून ते वाईट होते असंही नाही. हृदय बघायला बसलेल्या माणसानं हृदय बघावं, यात चूक काढायची तरी कशी?

खालच्या डॉक्टरबाई वयानं मोठ्या, केस आखूड कापलेले. त्या आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. "किती उशा घेऊन झोपता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सासूबाईंना तो फारच आवडला. एवढ्या वर्षांत त्यांच्या उशांची चौकशी कुणी केली नव्हती. मग बाईंनी अंगठ्यानं नडगी दाबली आणि पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते, दूध उतू जाईल की काय अशा नजरेनं, पाहत राहिल्या. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून इतका वेळ ऐकलं की शेजारच्या तापवाल्या बाईही श्वास धरून बसल्या. "आवाज येतोय," त्या म्हणाल्या, "हृदयाचा इको करायला हवा. मी कालच लिहिलंय, पण ते मशीन वरच्यांचं. वरच्यांचे पेशंट झाले की मग आपला नंबर." आणि मग उठता उठता, "आजी, डॉक्टरांनी दिलेल्या सोडून आणखी काही घेता का? गुडघ्यासाठी, झोपेसाठी, कुणी सांगितलेलं?" सासूबाईंनी छताकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. आणि उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढून बाईंच्या हातावर ठेवलं, चोरलेली वस्तू परत करावी तसं. गुडघ्याच्या गोळ्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणलेल्या, कित्येक महिने, दिवसातून दोन, दुखलं तर तीन.

"या गोळीनं अंगात पाणी धरून राहतं," बाई सांगत होत्या, "किडनीलाही ही सोसत नाही." ती ऐकत होती, पण खरं म्हणजे गोळीकडे पाहत होती. नारिंगी. साधा नारिंगी नव्हे. पिकलेल्या जर्दाळूवर धूळ बसावी तसला, तळाशी राखाडी असलेला. असा रंग कुणी मुद्दाम करत नाही, तो बिघडून होतो. आणि हा बिघाड आपण नुकताच कुठंतरी पाहिलाय, अगदी परवा-तेरवा, अशी तिची खात्री झाली. तिनं डोळे मिटले. आईचं टेबल. सूप. पाण्याची बाटली. चष्म्याचं घर, अर्धवट उघडं.

ती जिन्यानं वर गेली, कशी गेली ते तिलाही आठवत नाही. घाईवाले आईपाशीच होते आणि कपाळाला आठ्या घालून हातातला रिपोर्ट पाहत होते. "किडनीचा आकडा वाढतोय," ते तिला म्हणाले. "नवी गोळी सोसत नसेल. वाईट वाटतं, चांगली गोळी आहे, पण बंद करून पाहावी लागेल." तिनं काही न बोलता चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखाली, पुसायच्या फडक्यात गुंडाळलेल्या, सुट्या गोळ्या होत्या. जर्दाळू, धूळ, राखाडी.

"आई, हे काय?"

"गुडघ्याच्या आहेत. त्यात काय एवढं?"

"इथं आल्यावरही घेतेस?"

"गुडघे काय घरी ठेवून आलेय मी?"

"कुणी दिल्या?"

आईनं तोंड घट्ट मिटलं. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत तिनं आईचा हा चेहरा एकाच बाबतीत पाहिला होता, तो विहीणबाईंचा विषय निघाल्यावर. लग्नाच्या दिवशी कुटुंबाचा फोटो काढताना आई मुलीची चप्पल शोधायला आत गेली होती, आणि सासूबाई फोटोवाल्याला म्हणाल्या होत्या, "काढा हो, सगळे आलेत." त्या 'सगळे'वर एक आख्खं शीतयुद्ध उभं राहिलं. एकमेकींच्या घरी जाणं नाही, निरोप मुलांमार्फत, वाढदिवसाला एक आत असेल तर दुसरी बाल्कनीत. तिनं आणि नवऱ्यानं या वैराभोवती आपला संसार इतका सांभाळून मांडला होता, की कोणती खुर्ची कुठं ठेवायची इथपासून सुट्टीत कुठं जायचं इथपर्यंत सगळं त्यानंच ठरायचं.

"विहीणबाईंनी दिल्या," आई शेवटी म्हणाली. "बँकेत भेटतो आम्ही."

"बँकेत?"

"तिथं गारवा असतो. सोफा असतो. पासबुक भरायला जातो आणि बसतो."

"कधीपासून?"

"आता तारखा काय लिहून ठेवायच्या मी?"

घाईवाले दोघींकडे आळीपाळीनं पाहत होते. त्यांनी एक गोळी उचलली, उलटीसुलटी केली, आणि पहिल्यांदाच पलंगाच्या कडेवर बसले. "आजी, दिवसाला किती?" आईनं सांगितल्यावर त्यांनी दीर्घ श्वास सोडला. "तरीच. मी बंद करायला निघालो होतो भलतीच गोळी." मग तिच्याकडे वळून, "तुम्हाला कसं कळलं?"

"खालच्या डॉक्टरबाईंनी माझ्या सासूबाईंना विचारलं म्हणून. त्यांनाही हाच त्रास आहे." आणि तोंडात आलंच होतं म्हणून तिनं पुढे विचारून टाकलं, "तुमचं ते मशीन खाली कधी येतं?"

त्यांना राग येईल असं तिला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिच्या फार ओळखीचं होतं. आरशात रोज दिसायचं. का बरं, असं. त्यांनी फोनवर रांग पाहिली, सासूबाईंचं नाव बऱ्याच खाली होतं. "आवाज येतोय असं लिहिलंय," ते पुटपुटले. "हे कुणी वाचलं कसं नाही?" दुपारी ते स्वतःच मशीनची गाडी ढकलत तिसऱ्या मजल्यावर आले. दोन डॉक्टरांची तिथं पलंगापाशी गाठ पडली. कित्येक वर्षं एका इमारतीत काम करूनही त्यांनी एकमेकांना फक्त फोनवर ऐकलेलं होतं. सासूबाईंच्या छातीवर जेल पसरलं गेलं, पडद्यावर करडं-काळं काही हलू लागलं आणि दोन डोकी त्यावर वाकली, एक आखूड केसांचं पांढरं, एक काळं.

"हे बघा. झडप. उघडतच नाहीये नीट."

"मला तेच ऐकू येत होतं."

"बरोबर ऐकलंत तुम्ही."

"माझ्याबद्दल चाललंय," सासूबाईंनी विचारलं, "की शेजारणीबद्दल?"

ती पडद्याकडे बघत उभी होती. सकाळपासून तिनं मनात एक हिशेब जुळवत आणला होता: एकच गोळी, एकच दुखणं, दोन मजले, म्हणजे दोघी सारख्या. आता पडद्यावर दिसत होतं की दोघी सारख्या नव्हत्या. आईचं हृदय थकलं होतं. सासूबाईंचं हृदय एका न उघडणाऱ्या दाराशी धडका देत होतं. वरून सूज सारखी, धाप सारखी, आत निराळंच. आणि हे एकट्या वरच्यांनाही कळलं नसतं, एकट्या खालच्यांनाही नाही. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, जरा उशिरानं. पण त्या क्षणी तिला फक्त अजून जवळ जाऊन बघावंसं वाटत होतं, आणि याची तिला लाजही वाटली.

मांडीतून नळी घालून नवी झडप बसवता येईल, छाती उघडायची गरज नाही, असं घाईवाल्यांनी सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी किडनी सावरू दे, चार पावलं चालू देत, मग; आणि घाईवाल्यांनी, नावाप्रमाणे न वागता, मान डोलावली. सासूबाईंनी मान हलवली ती मात्र आडवी. नको. इतकी वर्षं काढली, आता काय नवी दारं बसवायची. नवरा समजावून थकला. आधी भूगोलाच्या मास्तरासारखा, मग मुलासारखा, मग नुसताच हात धरून बसला. त्याच्या चेहऱ्यावर ती सही अजून होती. संध्याकाळी व्हरांड्यात तिनं त्याला सांगितलं, "खाली आणलंस म्हणून कुणीतरी त्यांना गोळीचं विचारलं. वर असत्या तर झडप आधी दिसली असती, गोळी राहिली असती." तो म्हणाला, "हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस?" "नाही," ती म्हणाली. "तसंच आहे म्हणून." तेव्हा कुठं त्यानं डोळे पुसले.

दोन दिवसांनी आईचा किडनीचा आकडा खाली आला, नव्या चारही गोळ्या टिकल्या, आणि तिला घरी सोडलं. पण चाकाची खुर्ची दारापर्यंत आल्यावर आई म्हणाली, "आधी तिसऱ्या मजल्यावर." तिनं खुर्ची सासूबाईंच्या पलंगापाशी नेली, तशी आईनं पडदा ओढून घेतला, आतून. ती बाहेर उभी राहिली. ऐकू नये हे कळत होतं.

"आलीस? केवढी वाळलीस गं," सासूबाई म्हणाल्या. तू. तिच्या सासूबाई तिच्या आईला अगं-तुगं करत होत्या.

"पाणी गेलं सगळं. तुझं काय? नको म्हणतेस म्हणे."

"भीती वाटते."

हे वाक्य नवऱ्याला ऐकायला मिळालं नव्हतं, तिला नाही, डॉक्टरांना नाही. आई म्हणाली, "मलाही वाटली होती. वर आले तेव्हा. तुला फोन करावा म्हटलं, तर पोरीपुढे कसा करणार?"

"सांगून टाकायला हवं होतं कधीच."

"आणि मग? दोघींना एकाच घरात आणून ठेवलं असतं त्यांनी. सोयीचं पडतं म्हणून. भांडून मेलो असतो आपण."

यावर दोघी हसल्या, सासूबाईंना हसताना खोकला आला, आणि बाहेर उभ्या असलेल्या तिला एकदम कळेना की आपल्याला हसू येतंय की रडू. बावीस वर्षं मांडलेल्या खुर्च्या. बाल्कनी. ते सगळं या दोघींनी, स्वतःला थोडी मोकळी जागा राहावी म्हणून, तसंच मांडलेलं राहू दिलं होतं. तिला खूप विचारायचं होतं. पहिल्यांदा कोण बोललं? फोटोचा विषय निघाला का? माफी मागितली कुणी? प्रश्नांची रांग लागली आणि ती पडद्याजवळ आणखी एक पाऊल सरकली; आणि मग, तिलाच नवल वाटलं, चार पावलं मागे आली आणि तापवाल्या बाईंच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्या बाईंना ताप नव्हता आज. त्यांनी तिला बिस्कीट दिलं.

जरा वेळानं पडदा सरकला. "करून टाकते म्हणतेय," आईनं जाहीर केलं, एखाद्या बाजारातल्या सौद्यासारखं.

झडप पुढच्या आठवड्यात बसली, आणि नीट बसली. सासूबाईंची पावलं पुन्हा त्यांच्या जुन्या मापाची झाली. पण तिच्या मनात राहिली ती त्या सकाळची वेळ, आत नेण्याआधीची. आई हट्टानं घरून आली होती, काठी टेकत. स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं, सोबत एकालाच येता येईल असं नर्स म्हणाली, आणि ती आणि नवरा दोघंही पुढे सरले तर आई त्यांच्या मधून काठीसकट आत शिरली होती.

"तुम्ही कोण यांच्या?" नर्सनं फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

आई गडबडली. विहीण म्हणजे मुलीच्या नात्यानं नातं. त्यात एवढं सगळं मावत नव्हतं. ती शब्द शोधत राहिली, लिफ्टचं दार मिटायला बघत होतं, नर्स ते पायानं अडवून उभी.

"अगं, काहीही लिही," स्ट्रेचरवरून सासूबाई म्हणाल्या. "पण तिला येऊ दे."

नर्सनं पाय काढला. दार मिटलं. नवरा मिटलेल्या दाराकडे पाहत म्हणाला, "या दोघी कधीपासून?"

"काय माहीत," ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेऊन बाकाकडे निघाली.